आकाशातील जमाखर्च

दिवसभर कचेरीत वरिष्ठांची मर्जी सांभाळून आणि एका टाचणीच्या हिशेबासाठी दोन पानी खुलासा लिहून घरी परतलेल्या मनुष्याने रात्री करमणूक म्हणून काय करावे, याविषयी जाणत्यांमध्ये मतभेद असले, तरी त्याने पुन्हा एक नवी, बिनपगारी आणि पहिलीहून अधिक कष्टाची नोकरी पत्करावी असे आजवर कोणी सुचवले नव्हते. ती कामगिरी युद्धविमानांच्या वास्तवदर्शी संगणकीय खेळांनी पार पाडली आहे. सामान्य खेळात विमान आयतेच आकाशात मिळते, क्षेपणास्त्रे कधी सरत नाहीत, आणि शत्रू कमालीच्या सौजन्याने आपल्या बंदुकीसमोर येऊन थांबतो. वास्तवदर्शी खेळात, ज्याला शौकीन मंडळी नुसते ‘सिम’ म्हणतात, खेळाडूच्या वाट्याला थंड इंजिनाचे आणि मालवलेल्या दिव्यांचे एक विमान, समोर, डावी-उजवीकडे आणि गुडघ्याखाली पसरलेले असंख्य खटके, आणि ते खटके समजावून देणारी एक पोथी येते. 1998 साली मायक्रोप्रोज कंपनीने काढलेल्या ‘फाल्कन 4.0’ या एफ-16 विमानाच्या खेळाबरोबर जी माहितीपुस्तिका मिळत असे ती जवळजवळ 600 पानांची होती, आणि तिला ‘पुस्तिका’ म्हणण्यात कंपनीचा विनय दिसत असला, तरी ग्राहकाविषयीची दया दिसत नव्हती.

हा सारा पोरखेळ आहे असा शेरा मारून मोकळ्या होणाऱ्या वडीलधाऱ्यांनी थोडे इतिहासाचे दप्तर उघडून पाहावे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी वाद्ये बनवणाऱ्या घरात वाढलेल्या एडविन लिंक याने 1929 साली ऑर्गनचे भाते जोडून जमिनीवरच झुकणारे, डुलणारे आणि वळणारे एक बुटके विमान तयार केले, तेव्हा त्याचे प्रारंभीचे गिऱ्हाईक लष्कर नव्हते, तर करमणुकीच्या बागा होत्या. पुढे 1934 साली तेथील सरकारने टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवले. ढगांत आणि धुक्यात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसलेले कित्येक तरुण काही आठवड्यांतच प्राणास मुकले. आणि मग मात्र लष्कराने त्या बागेतल्या खेळण्याचे सहा नग रीतसर मागवले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या खोक्यात बसूनच शहाणे झाले. तात्पर्य, आरंभी खेळणे होते, मग त्याची विद्या झाली, आणि आता घरोघरच्या मेजांवर त्या विद्येचे पुन्हा खेळणे झाले आहे, एवढाच काय तो मालकीहक्काचा फेरफार.

या विद्येच्या साधकाचे घर ओळखणे सोपे असते. खुर्चीच्या उजव्या हाताशी जॉयस्टिक, डाव्या हाताशी थ्रॉटल, पायांशी रडरची पावले, आणि डोक्यावरच्या हेडफोनला चिमट्याने लावलेले एक उपकरण, जे मान दहा अंश वळली की पडद्यावरच्या वैमानिकाला थेट शेपटीपर्यंत पाहू देते. परिणामी खेळाडूला मान एकीकडे आणि डोळे दुसरीकडे ठेवून तासन्‌तास बसावे लागते, आणि दारातून डोकावणाऱ्या आजीबाई निर्गुडीचे तेल कोमट करायला स्वयंपाकघराकडे वळतात.

शत्रू दिसण्यापूर्वीच्या युद्धात, म्हणजे धावपट्टीवरच, अर्धे नवशिके धारातीर्थी पडतात. जर्मनांचे मेसरश्मिट 109 घ्या. त्याची चाके एकमेकांच्या फार जवळ, नाक आकाशाकडे उचललेले असल्यामुळे समोरचे काही दिसत नाही, आणि थ्रॉटल एकदम पुढे लोटला की पंख्याच्या जोराने ते डावीकडे असे ओढ घेते की खेळाडूची रवानगी कुरणात होते. येथे जाणते लोक सांगतात: शेपटीचे चाक अडकवून ठेवा, थ्रॉटल हळूहळू वाढवा, उजवा पाय आधीच तयार ठेवा, आणि विमान स्वतःहून उडू इच्छीपर्यंत त्याला उचलू नका. स्पिटफायरचे दुखणे निराळे. उतरवलेल्या चाकाचा पाय रेडिएटरला मिळणारी हवा अडवत असल्याने, धावपट्टीच्या टोकाशी उगाच रेंगाळत बसलात तर इंजिन उकळू लागते. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत आणखी एक खोड होती: नाक झटकन खाली दाबले की कार्बोरेटरमुळे इंजिन क्षणभर श्वास सोडी, आणि तेवढ्यात पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारणारा मेसरश्मिट पसार होई, 1941 साली बिआट्रिस शिलिंग नावाच्या अभियंता बाईंनी एक लहानशी भोकाची चकती बसवून त्या खोडीला बराच आळा घातला. वास्तवदर्शी खेळ इतका प्रामाणिक असतो की चकतीपूर्वीचे विमान निवडल्यास तो ते दुखणेही इमानाने देतो, आणि शौकीन त्याबद्दल जादा पैसे मोजतो.

आता मुख्य विद्येकडे वळू. तिचे सारे मर्म असे की उंची ही ठेव आहे, वेग ही हातातील रोकड आहे, इंजिन हा ठरीव पगार आहे, आणि प्रत्येक वळण हा खर्च आहे. ठेव मोडून रोकड करता येते, रोकड भरून पुन्हा ठेव करता येते, आणि या विनिमयाचा दर पदार्थविज्ञानाने कायमचा बांधून दिलेला असल्यामुळे त्यात कोणत्याही अमलदाराला सूट देता येत नाही. हवेचा विरोध क्षणभर बाजूस ठेवला, तर ताशी 360 किलोमीटर वेग म्हणजे सुमारे 500 मीटर उंची, आणि ताशी 540 किलोमीटर वेग म्हणजे जवळजवळ 1150 मीटर उंची; वेग दीडपट झाला की किंमत सव्वादोनपट होते. ज्याची एकूण शिल्लक अधिक, तो केव्हा लढायचे आणि लढायचेच की नाही हे ठरवतो. ज्याची कमी, त्याच्यावर समन्स बजावले जाते.

नवशिक्याला मात्र शत्रू दिसताच जॉयस्टिक पोटाशी ओढण्याचा अनिवार मोह होतो, आणि या ओढण्याचा दर ऐकण्यासारखा आहे. त्याच वेगात चौपट भाराचे, म्हणजे 4 जीचे, वळण घेतले की पंखांनी उचल धरण्यापायी सोसावा लागणारा हवेचा विरोध चौपट होत नाही, सोळापट होतो. इतके कडक व्याज आमच्या मुलखातील कुप्रसिद्ध सावकारांनीही कधी लावल्याचे ऐकिवात नाही. त्याहून जोराने आणि अधिक काळ ओढत राहिले, तर वैमानिकाच्या डोक्यातील रक्त पायांकडे उतरते, पडदा करडा होतो, मग काळा होतो, आणि चाललेली उधळपट्टी निदान त्याच्या दृष्टीआड होते.

या हिशेबाला शास्त्राचे रूप दिले ते जॉन बॉइड या अमेरिकन हवाईदलातील अधिकाऱ्याने, 1960च्या दशकात, थॉमस ख्रिस्ती या गणितज्ञाच्या साहाय्याने. कोणते विमान कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला आणि किती भाराच्या वळणात ऊर्जा कमावते अथवा गमावते, याचे तक्ते त्यांनी फ्लोरिडातील एग्लिन तळावरच्या संगणकावर काढले. परंतु त्या संगणकाचा वेळ बॉइडसाहेबांना रीतसर मंजूर नसल्यामुळे तो भलत्याच खात्यांवर टाकण्यात आला होता, आणि त्यावरून त्यांची चौकशीही झाली. काटेकोर जमाखर्चाचा हा सिद्धांत अशा रीतीने बेहिशेबी वेळेवर उभा राहिला, ही गोष्ट कोणत्याही लेखापरीक्षकाला उचकी लागावी अशी आहे.

बॉइडच्या आधी जवळजवळ अर्धशतक, 1916 साली, ओस्वाल्ड बोएल्के या जर्मन वैमानिकाने हवाई लढाईचे जे नियम लिहून ठेवले, ते आजही प्रत्येक खेळाडूच्या तोंडी असतात आणि फारच थोड्यांच्या हाती असतात. हल्ल्यापूर्वी आपली बाजू वरचढ करून घ्या, शक्य तर सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याखेरीज गोळी झाडू नका, शत्रूला नजरेआड होऊ देऊ नका, मागून गाठा, आणि शत्रूच्या मुलखावर असताना परतीची वाट कधी विसरू नका. या यादीत शौर्य हा शब्द शोधूनही सापडत नाही. आमची सारी जडणघडण नेमकी याच्या उलट झालेली. लढाई म्हटली की आम्हांला कोंडाण्याचा कडा दिसतो आणि परतीचे दोर कापून टाकणारा सूर्याजी आठवतो; त्यामुळे मराठी खेळाडू विमानात बसला की पहिल्या पाच मिनिटांत तो मनातल्या मनात दोर कापून मोकळा होतो, आणि मग पेट्रोल संपल्याचा दिवा लागल्यावर तो दोर शोधू लागतो. 352 विमाने पाडल्याची नोंद ज्याच्या नावे आहे तो एरिख हार्टमान आपली पद्धत सांगे ती अशी: पाहा, ठरवा, हल्ला करा, आणि लगेच दूर व्हा, परिस्थिती अनुकूल नसेल तर हल्ल्याचा नाद सोडून खुशाल कॉफी घ्या. वीरश्रीच्या वाङ्मयात कॉफीला मिळालेले हे स्थान अपूर्व म्हटले पाहिजे.

ही कारकुनी विद्या प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला माझ्या भाच्याच्या खोलीत आला. 2001 साली रशियात जन्मलेल्या ‘आयएल-2 स्टर्मोव्हिक’ या खेळमालिकेतील स्टालिनग्राडची आघाडी लागली होती. भाचा एका मेसरश्मिटात होता, आणि शेजारच्या संगणकावर दुसऱ्या मेसरश्मिटात, चाळिशी कपाळावर सरकवून, ट्रेझरीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी नाना बसले होते. नानांनी उड्डाण केल्यापासून नाक किंचित वर ठेवले होते ते 5000 मीटर होईपर्यंत खाली केले नाही. भाच्याचा जीव अर्धा झाला होता.

“नाना, अहो खाली बघा की! दोन याक चाललेत. मारू या ना!”

“थांब. आधी त्यांच्या वर कोण आहे ते बघ.”

“वर कोणी दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणजे नाही, असं ट्रेझरीत चालत नसे, बाळा.”

एवढे बोलून नानांनी एक लांबलचक वळसा घेतला, सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी आणला, आणि मग कोठे ते उतरू लागले. मागच्या याकची शेपूट पडद्यावर तळहाताएवढी झाल्यावर त्यांनी सेकंदभर बोट दाबले, निकाल काय लागला हे पाहण्यासही न थांबता पुन्हा वरची वाट धरली, आणि खिशातला रुमाल काढून चाळिशी पुसली. भाचा मात्र दुसऱ्या याकशी वळणांच्या झटापटीत अडकला होता. याक-1 हे विमान आडव्या वळणात मेसरश्मिटाला भारी, हे त्याने वाचलेले होते, समजलेले होते आणि इतरांना समजावून दिलेलेही होते. पहिल्या फेरीत त्याचा वेग 500 होता, दुसऱ्या फेरीत 350, तिसऱ्या फेरीत विमान थरथरू लागले, आणि शिकार कोणाची चालली आहे याविषयी कोणताही संशय उरला नाही.

“नाना, माझ्या मागं लागलाय तो!”

“सरळ नदीकडे निघ. नाक जरा खाली धर, वेग येऊ दे. वळू नकोस. त्याला माझ्या खाली आण.”

“वळू नको काय? मरेन ना!”

“वळलास तर लवकर मरशील.”

भाचा वळला आणि व्होल्गेत पडला. नानांनी त्याच्या पाठलागात मग्न असलेल्या याकवर वरून पुन्हा एकदा बोट दाबले, शिल्लक इंधन पाहिले, आणि युद्ध ऐन रंगात असताना ते तळाकडे निघाले. कारण पाच वाजले होते, आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाचनंतर ते कधी खुर्चीत थांबले नव्हते.

नेमबाजीच्या बाबतीतही हाच शिरस्ता. पहिल्या आवृत्तीच्या स्पिटफायरच्या पंखांत आठ मशीनगनी, प्रत्येकीला 300 गोळ्या. बोट दाबूनच ठेवले तर सारे कोठार सुमारे 15 सेकंदांत रिकामे होते. नवशिका हे पंधराही सेकंद अर्ध्या मैलावरूनच खर्चून टाकतो, आणि वर शत्रूचे विमान पोलादी असल्याची तक्रार करतो. वास्तविक पंखांतल्या गोळ्या एका ठरावीक अंतरावर एकत्र मिळाव्यात अशा बेताने बंदुका तिरप्या बसवलेल्या असतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे त्या शत्रूच्या दोन्ही बाजूंनी अदबीने निघून जातात. शिवाय 200 मीटर जाण्यास गोळीला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्यात ताशी 540 किलोमीटर वेगाने आडवे जाणारे विमान 37 मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या चौपट, पुढे सरकलेले असते. म्हणून नेम शत्रूवर धरायचा नाही, शत्रू जेथे पोहोचणार आहे त्या रिकाम्या आकाशावर धरायचा. आणि हे जमत नसेल तर, नानांप्रमाणे, ठीक मागून आणि इतके जवळ जायचे की गणिताची गरजच उरू नये.

जोडीने लढण्याची युक्ती अमेरिकन नौदलातील जॉन थॅच याने 1941 साली आपल्या घरच्या मेजावर आगकाड्या मांडून शोधली: दोन विमानांनी समांतर उडावे, एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनी एकमेकांकडे वळावे, म्हणजे पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या तोफेसमोर येतो. आपली वाइल्डकॅट विमाने जपान्यांच्या चपळ झीरोपुढे मंद आहेत हे मान्य करून काढलेली ही तोड पुढच्याच वर्षी मिडवेच्या लढाईत उपयोगी पडली. आगकाड्यांचे मात्र एक बरे असते: पडलेले विमान कोणाच्या खाती जमा करायचे, यावरून त्या रात्री दीडपर्यंत हेडफोनवर भांडत बसत नाहीत.

जेट विमानांच्या काळात तरी शौर्याला पुन्हा वाव मिळेल, या आशेने कोणी ‘डीसीएस वर्ल्ड’ या खेळाकडे वळला तर त्याची निराशा अधिकच होते. एफ-16 सुरू करायचे म्हणजे दिशादर्शक यंत्रणा स्थिर होईपर्यंत सात-आठ मिनिटे तळावर स्वस्थ बसून राहायचे, आणि हा काळ पुष्कळदा पुढील आयुष्याहून मोठा ठरतो. रडारने हेरून सोडलेले क्षेपणास्त्र अंगावर येऊ लागले की काय करायचे? त्याच्याकडे जायचे नाही आणि सरळ पळायचेही नाही. रडारच्या किरणाशी काटकोन करून आडवे उडायचे, शक्यतो खालच्या अंगाने, आणि धातूचा भुसा सोडत राहायचे. डॉप्लर पद्धतीचे रडार जमिनीचा गोंगाट गाळून टाकते, आणि जे विमान जवळही येत नाही व दूरही जात नाही, ते त्याच्या लेखी जमिनीतच जमा होते. जे प्रकरण पुढेही सरकत नाही आणि मागेही जात नाही ते वरिष्ठांच्या नजरेस पडत नाही, हे तत्त्व आमच्या कचेऱ्यांत डॉप्लरशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते.

अशा खेळात माणसे कागदपत्रांचे भक्त न बनली तरच नवल. ‘वॉर थंडर’ या खेळातील ब्रिटिश चॅलेंजर 2 रणगाड्याचे चित्रण सदोष आहे, हे सिद्ध करण्यासाठी 2021 साली एका खेळाडूने लष्करी माहितीपुस्तकातील गोपनीय पाने पुरावा म्हणून सर्वांसमोर मांडली, आणि ती हटवता हटवता कंपनीची तारांबळ उडाली. त्याच वर्षी फ्रान्सच्या लेक्लेर्क रणगाड्यावरूनही तोच प्रकार झाला. लोभासाठी, प्रेमासाठी आणि विचारसरणीसाठी राज्याची गुपिते फोडणारे इतिहासाला ठाऊक होते. केवळ वादात आपलेच खरे करण्यासाठी फोडणारा हा नवा वर्ग मात्र अभ्यसनीय आहे.

सर्वांत शेवटी, उतरणे. भारतीय हवाई दलाने 1963 पासून 2025 पर्यंत वापरलेले, आणि नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातही तयार झालेले मिग-21 हे विमान खेळात उतरवून पाहावे. त्याचे त्रिकोणी पंख मंदगतीत फारसे तोलून धरत नाहीत, आणि पंखांच्या पडद्यांवर फुंकली जाणारी इंजिनाची हवाच त्याला उतरताना आधार देते. ‘आता पोहोचलोच’ असे समजून चाके टेकण्यापूर्वी थ्रॉटल मिटवला की तो आधार जातो आणि विमान दगडी मौनाने खाली बसते. पाच शत्रू पाडून आलेला वीर येथे धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात आपला ताळेबंद संपवतो, आणि काही न पाडता सुखरूप उतरलेला कारकून त्याच्या नावापुढे पूर्णविराम देतो.

अशा रीतीने रेडिएटरची झडप, कार्बोरेटरची चकती, रक्ताचा दाब, गोळीचा प्रवास, यांपैकी कशातही हे खेळ वास्तवाशी प्रतारणा करीत नाहीत. करतात ती एकाच ठिकाणी. ते शहाणे नियम लिहिणारा बोएल्के, 40 विमाने पाडून, वयाच्या 25व्या वर्षी, 28 ऑक्टोबर 1916 रोजी, एकाच शत्रूच्या मागे लागलेल्या आपल्याच सहकाऱ्याच्या विमानाला घासून पडला आणि मरण पावला. खेळातही मित्रांच्या विमानांची अशी टक्कर हरघडी होते. मग दोघेही एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, एक कळ दाबतात, आणि अर्ध्या मिनिटात नव्या विमानात, नव्या इंधनासह, नव्या हेक्याने हजर होतात. रेडिएटर दोन अंश अधिक तापतो म्हणून ज्या चोखंदळ खेळाडूने कंपनीकडे तक्त्यांसह तीन पानी अर्ज धाडला, त्यानेही या अवास्तवतेबद्दल आजतागायत तक्रार दाखल केलेली नाही.